परिपाठ संपल्यावर

शालू, बोधकथा पाठवते गं, काळजी करू नकोस. केंद्रप्रमुख भेटीला येणार म्हणून तुझी धांदल उडालीय, ते तुझ्या मेसेजवरूनच कळलं. पण त्या कथांचा तुला वाटतोय तेवढा उपयोग होणार नाही, हे आधीच सांगून टाकते. लाकूडतोड्या, त्याची कुऱ्हाड, खरं बोलल्याचं बक्षीस हे सगळं तुझ्या तिसरीच्या पोरांना पाठ आहे. "यातून काय बोध घ्याल?" असं विचारलंस की अख्खा वर्ग एका सुरात उत्तर देईल आणि सुट्टी झाली की नळावर एकमेकांना ढकलून पाणी पिईल. यात पोरांची लबाडी काही नाही. कथा परिपाठापुरती असते, हे त्यांना आपणच शिकवलेलं असतं.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एक गोष्ट पक्की पटलीय. दुसऱ्याचा मान ठेवणं पोरं मूल्यशिक्षणाच्या तासाला शिकत नाहीत, शाळेचा दिवस कसा लावलाय त्यातून शिकतात. कुणाला कशी हाक मारली, झाडू कुणाच्या हातात गेला, पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं, भांडण कसं मिटलं, या सगळ्यावर त्यांची बारीक नजर असते. तुझी शाळा द्विशिक्षकी, गुरुजी स्वभावाने मऊ. शिक्षणसेवक म्हणून तुझी तीन वर्षं अजून जायची आहेत, तरी दिवस लावणं बरंचसं तुझ्याच हातात आहे. मोठ्या शाळेत गेलेल्या तुझ्या मैत्रिणींना विचार, त्यांना तक्ता लावायला भिंतसुद्धा मिळत नाही.

उद्या सकाळी एवढंच बघ, परिपाठाला पुढे कोण उभं राहतं. प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या, सगळं तीच ती तीन-चार पोरं म्हणत असतील. आवाज खणखणीत, गणवेशाला इस्त्री, घरी अभ्यास घेणारं कुणीतरी. बाकीची पोरं रांगेत उभी राहून पायाच्या अंगठ्याने मातीत रेघोट्या ओढत असतात. हजेरीच्या क्रमाने पाळी लाव. अडखळतील, सुविचार अर्ध्यावर विसरतील, एखादी पुढे येऊन नुसतीच उभी राहील. राहू दे. कुणी हसायचं नाही, एवढा एक नियम कडक ठेव आणि तो आधी गुरुजींच्या कानावर घाल, कारण अशा वेळी मोठ्यांनाच हसू लवकर फुटतं.

प्रतिज्ञा पोरं एका दमात म्हणून मोकळी होतात. एकदा त्यांना ती लिहिणाऱ्या माणसाबद्दल सांग. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव विशाखापट्टणमला कोषागारात अधिकारी होते. 1962 साली त्यांनी प्रतिज्ञा लिहिली ती तेलुगूत, आणि मग ती देशभरातल्या शाळांमध्ये त्या त्या भाषेत गेली. आपण रोज म्हणतो ते आधी दुसऱ्याच भाषेत होतं, हे ऐकून पोरांचे डोळे मोठे होतात. मग एखाद्या दिवशी त्यातला सौजन्याचा भाग घे आणि विचार, आज नळावर सौजन्याने वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मी विचारलं तेव्हा पहिल्यांदा ठरलेली उत्तरं आली: रांग लावायची, भांडायचं नाही. मग मागून एकजण म्हणाला, "बाई, पहिलीचा पोरगा आला की त्याच्यासाठी नळ दाबून धरायचा. त्याचा हात पोचतो, पण जोर पुरत नाही." आमचा नळ दाबायचा होता आणि स्प्रिंग घट्ट होती. रोज तिथून जाऊनही मला ते दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून नळावर एक मोठं पोरगं पाळीने उभं राहायला लागलं, आणि त्यासाठी मला कुठली कथा सांगावी लागली नाही.

हजेरीपट तुला आयता मिळाला असेल, आधी सगळे मुलगे आणि मग मुली. येत्या जूनला नवा पट लिहिशील तेव्हा अकारविल्हे एकत्र लिही. एवढ्याशा बदलाने रांगा मिसळतात, गट मिसळतात. आणि नावाने हाक मार. काळ्या, ढब्या, बुटकी, तोतरी ही वर्गातली नावं पोरांनी पाडलेली असतात, पण ती चालू राहतात आपल्यामुळे. आपण ऐकून न ऐकल्यासारखं करतो ना, म्हणून.

आता जे सांगते ते नीट ऐक. शिष्यवृत्तीची माहिती वरून मागवतात, तीही आजच्या आज. मग घाईघाईत वर्गात आवाज जातो, "एससीची कोण? हात वर करा. एनटीची उभी राहा." हे तू करायचं नाही. ती सगळी माहिती जनरल रजिस्टरला लिहिलेली असते. ऑफिसात बसून काढ. पालकांचे कागद हवे असतील तर चिठ्ठी घडी करून दप्तरात दे, नाहीतर संध्याकाळी फोन कर. संविधानाच्या 17व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली, हे आपण वरच्या वर्गात शिकवतो. पण हात वर करून उभं राहिलेल्या आठ वर्षांच्या पोराने त्याआधीच वर्गातल्या नजरा वाचलेल्या असतात. गणवेशाचं आठव. पूर्वी मोफत गणवेश सगळ्या मुलींना मिळायचा, मुलग्यांमध्ये मात्र अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांनाच. वाटपाच्या दिवशी कोण कशातलं, ते सगळ्या शाळेला कळायचं. 2023 पासून सगळ्यांना मिळायला लागला. शिलाई आणि मापं यांवरून लोक बोटं मोडतात, मोडू देत. वाटपाच्या दिवशीची ती शोभा तरी थांबली.

झाडलोटीकडे वळते. शाळा उघडली की झाडू आपोआप मुलींच्या हातात जातो, आणि घंटेचा टोला नि झेंड्याची दोरी मुलग्यांच्या. हे कुणी ठरवलेलं नसतं, म्हणून कुणी बदलतही नाही. पाच-सहा जणांचे मिश्र गट चिठ्ठ्या टाकून कर. वार ठरव, तक्ता भिंतीवर लाव आणि एका वाराला स्वतःचं नाव घाल. मी हे सुरू केलं तेव्हा चौथ्याच दिवशी एक आजी दारात उभ्या.

"बाई, आमच्या पोराच्या हातात केरसुणी दिली म्हणं तुमी?"

मी म्हटलं, "आजी, आत या, तक्ता बघा." त्यांना वाचता येत नव्हतं. शेजारी उभ्या पोरीने एकेक नाव वाचून दाखवलं. बुधवारच्या गटात माझं नाव आलं तशा त्या थांबल्या.

"बाई बी झाडत्यात व्हय?"

"बाईंना नीट झाडता येत नाही," ती पोरगी म्हणाली. "कोपऱ्यातला केर ऱ्हातो."

आजी हसल्या आणि जे बोलायला आल्या होत्या ते तसंच राहून गेलं. त्यांचा नातू अजून कुरकुरतो म्हणे, पण ते चालायचंच. एक मात्र सांभाळ. संडास पोरांकडून धुऊन घ्यायचा नाही, कुणाकडूनच नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या मागे लागायचं. आणि कुणाच्या आई-बापाचा धंदा बघून "तुला येतं की हे" असं म्हणत काम देणारं कुणी आलं, तर गुरुजी असोत की सरपंच, तिथल्या तिथे थांबव. तू वयाने लहान आहेस, नवीन आहेस, सगळं खरं. तरी थांबव.

खिचडीच्या पंगतीत तू कुठे असतेस? बहुतेक ऑफिसात, ऑनलाइन माहिती भरत. आहार वाटायच्या आधी शिक्षकाने चव घ्यायची आणि चव नोंदवहीत सही करायची, हा नियम आहेच. त्या एका घासावर थांबू नकोस. ताट घेऊन पंगतीत बस, रोज वेगळ्या जागी. कोण कुणाशेजारी बसायचं टाळतं, कुणाचं ताट थोडं लांब असतं, कोण घरून डबा आणून "मला खिचडी आवडत नाही" म्हणतं, हे बसल्याशिवाय दिसत नाही. दिसलं म्हणून भाषण देऊ नकोस. जागा चिठ्ठीने ठरव, वाढपी बदलत ठेव, आणि त्या लांबच्या ताटाशेजारी तू स्वतः जाऊन बस. चार दिवसांत पोरं तिथे गर्दी करतात, कारण बाईंशेजारी बसायला सगळ्यांनाच आवडतं. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना तू "अहो मावशी" म्हणतेस की "ए मावशी", त्याकडेही लक्ष दे. पोरं त्यांना अगदी तशीच हाक मारणार.

पाणी आणि पंगत हा विषय निघाला की इतिहास सांग. बोधकथेचा मला कंटाळा आहे, पण घडलेल्या गोष्टी सांगायला मला फार आवडतं. 1868 साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हजारो लोकांसोबत प्यायलं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी सत्याग्रह करावा लागला, हेच पोरांना आधी पटत नाही. "तळं तर सगळ्यांचंच असतं ना, मग विचारायचं कुणाला?" असं एकाने मला विचारलं होतं. याहून चांगला प्रश्न मला सुचला नसता. आणि साने गुरुजींना 'श्यामची आई'पुरतं ठेवू नकोस. त्यांना रडवं, भाबडं करून ठेवलंय आपण. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून याच माणसाने उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. चौथीच्या पोरांना हे नीट समजतं. मला तर वाटतं, त्यांना ते मोठ्यांपेक्षा लवकर समजतं.

भांडणांवर मात्र तुला जास्त वेळ घालवायला लागेल. आपली जुनी पद्धत काय? दोघांना पुढे बोलवायचं, "सॉरी म्हण, हात मिळव, जा जागेवर." निकाल लागतो आणि मधल्या सुट्टीत त्याच भांडणाचा दुसरा अंक सुरू होतो. त्यापेक्षा असं करून बघ. दोघांना समोरासमोर खाली बसव. एक बोलेल तेव्हा दुसऱ्याने मध्ये तोंड उघडायचं नाही. त्याचं बोलून झालं की दुसऱ्याने स्वतःची बाजू मांडायच्या आधी पहिल्याने काय सांगितलं ते सांगायचं. त्याला पटलं, की मगच पुढे जायचं.

माझ्याकडे एकदा वही फाटल्याचं भांडण आलं. मुलगी रडत होती, मुलगा छाती काढून उभा.

"ती काय म्हणाली ते सांग," मी म्हटलं.

"म्हणतीय की मी वही फाडली."

"आणखी काय म्हणाली?"

"ढकलल्यामुळं फाटली. मुद्दाम फाडली असं न्हाई म्हणाली."

"आणखी?"

तो गप्प झाला. मग जरा वेळाने म्हणाला, "ती वही तिच्या मामानं आणली हुती."

मामा वारले होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पुढचं मला काही करावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तो घरून डिंक घेऊन आला आणि दोघांनी मिळून पानं चिकटवली. वाकडीच चिकटली. दरवेळी असं होतं असं समजू नकोस. कित्येकदा दोघंही हट्टाला पेटतात आणि तास फुकट जातो. पण ऐकून घ्यायचं असतं, एवढी सवय तरी लागते. वेळ कुठून आणू म्हणशील, तर मराठीच्या तासातून घे. ऐकणं आणि बोलणं ही भाषेचीच कौशल्यं आहेत, तशी नोंद कर.

आणि आपली जीभ. छडी गेली, चांगलं झालं. पण शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमात शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी आहे, तो भाग आपण सोयीने विसरतो. "तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय का," "तुझा भाऊ पण असाच होता," हे आपण रागात नाही, सवयीने बोलतो. ज्या वर्गात बाई असं बोलतात तिथे पोरांनी एकमेकांशी नीट बोलावं, अशी अपेक्षा करायची तरी कशी?

तुझ्या भागात दिवाळीनंतर अर्धा वर्ग ऊसतोडीला जातो. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आई-बापाबरोबर फडावर. फडावरची पोरं मार्च-एप्रिलमध्ये परत येतात ती मागे पडलेली, उन्हाने रापलेली, आणि वर्गात आल्या आल्या कुणीतरी चिडवतंच. त्यांना लगेच पाढे विचारू नकोस. मी एकदा परत आलेल्या एका मुलीला म्हटलं, तिकडे काय काय असतं ते सगळ्यांना सांग. तिने खडू घेतला, फळ्यावर कोपी काढली, बैलगाडी काढली, मोळी कशी बांधतात ते ओढणीची गाठ मारून दाखवलं. पुढच्या बाकावरच्या हुशार पोराने विचारलं, "उचल म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "आधी घेतलेलं पैसं. ती फिटली न्हाई तर पुढच्या साली परत जायाचं." सगळा वर्ग गप्प बसून ऐकत होता. अर्थशास्त्राचं पुस्तक उघडूनही मला ते इतकं नेमकं सांगता आलं नसतं. त्यानंतर तिला चिडवणारं कुणी राहिलं नाही, कारण तिला येतं ते वर्गात दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं.

भाषेचंही तेच. तांड्यावरची पोरं आपसात गोरमाटी बोलली की "नीट मराठीत बोला" असं आपण दटावतो. ती बोली त्यांच्या आईची आहे. मराठी शिकवायची, जरूर शिकवायची, पण बोलीला हसून नाही. एक दिवस हजेरीला "हजर" कसं म्हणायचं ते त्यांच्याकडून शिक आणि सगळ्या वर्गाला तसंच म्हणायला लाव. मजा येते, आणि ज्यांनी वर्षभर तोंड उघडलेलं नसतं ती त्या दिवशी गुरुजी होतात.

मूल्यवर्धनच्या उपक्रम पुस्तिका तुझ्या कपाटात असतील, शोध. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने हा कार्यक्रम 2009 साली तुझ्याच बीड जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या पाचशे शाळांत सुरू केला आणि पुढे शासनाने तो राज्यभर नेला. जोडीने बोलायचं, गटात ठरवायचं, वर्गाचे नियम पोरांनीच करायचे, असे सोपे उपक्रम आहेत त्यात. चांगले आहेत. आपणच त्यांना एका तासात कोंडलं आणि रकाना भरून मोकळे झालो. नियम करायचा उपक्रम मात्र आवर्जून घे. पोरांनी केलेले नियम आपल्यापेक्षा कडक असतात, मग त्यांनाच ते सैल करावे लागतात, आणि ती चर्चा ऐकण्यासारखी असते.

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूकही घेशीलच. मोबाइलवर मतदान यंत्राचं अॅप, बोटाला शाई, शपथविधी, फोटो. उत्साह दांडगा असतो. कुणीतरी चॉकलेटं वाटून मतं मागणार, तेव्हा हसू येईल, पण तिथेच थांबून विचार की चॉकलेट खाऊन मत दिलं तर त्याचं पुढे काय होतं. निवडणूक झाल्यावर मात्र मंत्रिमंडळ बहुतेक ठिकाणी भिंतीवरच राहतं. तू दर शनिवारी पंधरा मिनिटं मंत्र्यांना प्रश्न विचारायला ठेव. आमच्या क्रीडामंत्र्याला दुसरीच्या मुलीने विचारलं होतं, "दोरीउड्यांच्या दोऱ्या तुमच्याच वर्गाला का मिळतात?" मंत्रिमहोदय घाम पुसायला लागले. पुढच्या आठवड्यात दोऱ्यांची वाटणी वर्गवार झाली.

आणि पालकसभा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण निम्म्या स्त्रिया हव्यात, असं कायदा म्हणतो. कागदावर त्या असतातही. सभेत मात्र खुर्च्यांवर पुढारी बसतात आणि सदस्य असलेल्या आया दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असतात. खिडकीतून पोरं ते बघत असतात. खुर्च्या कमी असतील तर सगळ्यांना सतरंजीवर बसव, सरपंचांनाही. ते बसतात गं. आधी थोडे अवघडतात, मग मांडी घालतात.

बोधकथा संध्याकाळी पाठवते, त्यातल्या दोन घे नि बाकीच्या सोड. अहवालाला जोडायला झाडलोटीचा तक्ता, परिपाठाच्या पाळ्या आणि पोरांनी केलेल्या नियमांचा कागद यांचे फोटो काढ, केंद्रप्रमुखांना तेवढं पुरतं. पोरांचे फोटो घेशील तर पाठमोरे घे, आणि पालकांना विचारल्याशिवाय एकही ग्रुपवर टाकू नकोस. खिचडीच्या ताटासमोर बसलेलं पोर तर मुळीच नको. आणि हो, गुरुजींना सगळं आधी दाखव, नाहीतर ऐनवेळी ते केंद्रप्रमुखांसमोर "हे कधी सुरू केलं?" म्हणून तुलाच विचारतील.